मान टाकली की हलगी थांबायची

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गावात माझ्या तोंडाला लागायला भलेभले कचरायचे. बायकांच्या दूध संस्थेची सचिव म्हणून मला बसवलं तेही त्याच गुणावर. दहावी शिकलेल्या आणखी तिघी होत्या गावात, पण दूध संघाच्या साहेबाला उलट विचारणारी मी एकटीच. अशा मला गप उभं राहायला शिकवलं ते एका मेंढरवाल्या म्हातारीनं आणि वरातीत नाचणाऱ्या एका पांढऱ्या घोडीनं. दोघींचेही उपकार अजून फिटलेले नाहीत.

केज तालुक्यातलं आमचं गाव मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. लागोपाठ दुसऱ्या साली पावसानं दडी मारली, विहिरी तळाला गेल्या आणि टँकर सुरू झाले. अर्धी जनावरं साखर कारखान्याच्या चारा छावणीवर नेऊन बांधली. तरणी माणसं उसाला गेली, त्यात आमचे हेही गेले. गावात राहिलो आम्ही काही बायका, म्हातारीकोतारी आणि चार दुभती जनावरं. पूर्वी संस्थेत दीडशे लिटर दूध जमायचं, ते चाळीसवर आलं.

एवढ्याशा दुधासाठी टेम्पो आत येणार नाही, असं संघानं कळवलं. फाट्यावर सकाळी सातच्या आत कॅन आणून ठेवायचे, नाही आणले तर टेम्पो निघून जाणार, आणि महिन्याच्या आत दूध नियमित झालं नाही तर संस्थेचा नोंदणी नंबर रद्द. मी साहेबाशी भांडून आले, पण नियम काही हलला नाही. तो नंबर मिळवायला आम्हाला चार वर्षं हेलपाटे घालावे लागले होते. गावात बाईच्या नावावर शेत नव्हतं, घर नव्हतं. कागदावर आमचं म्हणावं असं एवढंच होतं. तो नंबर जाऊ द्यायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

मग आम्ही डोक्यावरून दूध न्यायला लागलो. तीन किलोमीटर, मध्ये नदीचं कोरडं पात्र, त्यात पाय रुतणारी वाळू. एक दिवस वेळेत पोचायचो, एक दिवस टेम्पोची धूळ बघून परत यायचो.

केजला एक घोडीवाला होता. लग्नाच्या वरातीला तो घोडी द्यायचा आणि त्याची घोडी हलगीच्या तालावर अशी नाचायची की नवरदेवाकडं कुणी बघायचंच नाही. दुष्काळात वराती कुठल्या? चार माणसांत देवळापुढं लग्नं उरकत होती. छावणीत गाय-बैल घेत होते, म्हैस घेत होते, घोडं घेत नव्हते. त्यानं घोडी कुणी सांभाळता का म्हणून विचारणा केली आणि ती माझ्या कानावर आली. चार लोकांसमोर ठरलं ते असं: चारापाणी आम्ही बघायचं, घोडीनं आमचं दूध वाहायचं, आणि बरे दिवस आले की तो घोडी घेऊन जाणार. छावणीवर जनावरांना मिळणाऱ्या उसाच्या वाढ्यातून प्रत्येकीनं एकेक पेंढी काढायची असं बायकांनीही कबूल केलं.

घोडी दिसायला लई देखणी. पण जवळून बघितलं तर ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना घट्टे पडलेले आणि पुढच्या पायांच्या नळ्यांवर जागोजागी केस गेलेले. घोडीवाल्यानं लगाम माझ्या हातात दिला, त्याच्या आतल्या अंगाला काटे होते. ह्याच्याशिवाय ती ऐकायची नाही, असं तो म्हणाला. तिचं नाव त्यानं सिनेमातल्या एका नटीवरून ठेवलं होतं. त्या नावाला ती कधी कान हलवायची नाही.

आता आमचं शहाणपण ऐका. पोळ्याला बैलाला कसं हलगी लावून मिरवतो, तसं घोडीचं स्वागत करायचं आम्ही ठरवलं. आम्ही कशाला म्हणू, मीच ठरवलं. पहिल्या दिवशी सकाळी तिला हळदीकुंकू लावलं, गळ्यात हार घातला, पाठीवर दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवले. आमच्या गावच्या हलगीवाल्याचे गुडघे गेलेले, म्हणून तो उसाला गेला नव्हता. त्याला म्हटलं, वाजव बाबा, आपल्या संस्थेची लक्ष्मी निघाली.

त्यानं पहिला ठेका धरला आणि घोडीनं पुढचे दोन्ही पाय उचलले. आधी बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग कॅन एकमेकांवर आदळायला लागले, झाकणं उडाली, आणि चाळीस लिटर दूध आमच्या डोळ्यांदेखत फुफाट्यात गेलं. हलगी थांबली तरी कॅनचा खणखणाट चालूच होता, त्यामुळं तीही थांबेना. माझं डोकं फिरलं. हातातल्या दाव्याचं टोक मी तिच्या तोंडावर ओढला. एकदा नाही, दोनदा. तेव्हा ती थांबली. अंगभर थरथरत, डोळ्यांचं पांढरं दाखवत उभी राहिली आणि मी जवळ गेले तशी दाव्याला हिसका देऊन मागं सरकली.

हे सगळं टँकरच्या रांगेतून एक म्हातारी बघत होती. तिचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, आमच्या पडीक रानात उतरला होता. शे-दीडशे मेंढरं, दोन लेक, सुना आणि बिऱ्हाड वाहणारी दोन तट्टं. ती तट्टं कधी बांधलेली दिसायची नाहीत. म्हातारी निघाली की मागं निघायची, बसली की तिथंच चरायची. ती हंडा खाली ठेवून माझ्याजवळ आली. मी आधीच पेटलेली, म्हटलं आता ही काय शिकवणार.

म्हातारी घोडीच्या नळ्यांवरचे वण बघत म्हणाली, "त्या घोडीवाल्यानं काठीनं नाचिवली, तू दाव्यानं थांबिवतीस. तिच्या लेखी दोघं बी एकच की गं, लेकी."

मला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. मला राग आला आणि रडूही आलं. बायकांसमोर रडायचं नाही म्हणून घरात गेले. दुपारी मात्र मुकाट्यानं तिच्या वाड्यावर गेले आणि म्हटलं, मावशी, शिकवा.

तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर तो काटेरी लगाम माझ्याकडून मागून घेतला आणि चुलीच्या राखेखाली पुरून टाकला. त्याच्या जागी सुती दोराची म्होरकी वळली, तोंडात काहीच नाही. मग म्हणाली, आता जा आणि नुसती उभी राहा. मी विचारलं, किती वेळ? ती म्हणाली, घोडी सांगंल.

नुसतं उभं राहायचं म्हणजे काय हे माझ्यासारखीला विचारा! तिच्या समोर जायचं नाही, खांद्याच्या अंगानं जायचं. डोळ्यात डोळा घालून बघायचं नाही, लांडगा बघतो तसं घोड्यांना वाटतं. हात पुढं करायचा नाही. दहा पावलांवर थांबायचं, आणि तिनं मान वर केली की आपण मागं सरायचं. मागं! मी आयुष्यात कुणासमोर मागं सरले नव्हते. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात माझे पाय वळवळायला लागले, घरची कामं आठवायला लागली. लांबून म्हातारी म्हणाली की तुझं अंग हितं हाय आणि जीव चुलीपाशी, घोडीला ते कळतंय. खरंच कळत होतं. माझा श्वास वर चढला की तिचे कान फिरायचे.

पाणी पाजायचीही एक रीत होती. टँकरच्या पाण्याला पावडरीचा वास यायचा आणि घोडी तोंड लावायची नाही. मी म्हणायची, नखरेल आहे. म्हातारीनं ते पाणी अर्धा दिवस उघड्या डोणीत राहू द्यायला सांगितलं, वर थोडा भिजलेला भुसा टाकला, आणि घोडी प्यायली. पाय कसा उचलायचा, खुरात अडकलेला खडा लाकडी खुंटीनं कसा काढायचा, हेही तिनं दाखवलं. पाय ओढायचा नाही, नळीवर हात ठेवून थांबायचं, ती आपण होऊन वजन काढून घेते. ज्या नळ्यांवर काठीचे वण होते, त्यांवर म्हातारीचा हात असायचा आणि घोडी डोळे अर्धे मिटायची. मी तिथं उभी राहून बघत राहायची. एवढं शहाणपण ह्या बाईच्या हातात आलं कुठून, असं मला रोज वाटायचं.

आठ दिवस गेले. बायका डोक्यावरून दूध नेत होत्या आणि मला टोमणे मारत होत्या. सचिवबाई घोडीला बघायला गेल्यात, पसंत पडली का, असं विचारायच्या. त्यांचंही खरं होतं, महिन्यातले दिवस कमी होत होते. नवव्या दिवशी मी नेहमीसारखी पाठमोरी उभी होते. मागून ऊन ऊन श्वास माझ्या मानेवर आला. मी हलले नाही. तिनं माझ्या पदराचा वास घेतला, मग हाताचा, ज्या हातानं मी मारलं होतं त्याच. मग ओठांवरून जीभ फिरवली, काही चघळतेय असं केलं आणि मान खाली सोडली. म्हातारी लांबून म्हणाली, आता घरी जा. मला तर घोडीला मिठी मारावीशी वाटत होती. पण गेले मुकाट्यानं.

पुढं कामाला वेग आला. दोर ओढायचा तो कळंल न कळंल एवढाच, आणि तिनं बोटभर जरी मान दिली तरी तेवढ्यात सैल सोडायचा. ती देती तवा तू बी दे, एवढंच म्हातारी म्हणायची. तरटाचं खोगीर आधी नुसतं हुंगायला द्यायचं, मग पाठीवर ठेवून लगेच काढायचं. पण कॅनशी येऊन सगळं अडलं. ॲल्युमिनियमचा कॅन नुसता खणकला तरी तिचे पाय जागच्या जागी उठायला लागायचे.

म्हातारी म्हणाली की तिला कॅन ऐकू येतच नाही, हलगी ऐकू येते, आधी हलगी काढावी लागंल. मला वाटलं हलगी गावाबाहेर घालवायची. तर तिनं हलगीवाल्यालाच बोलावून घेतलं. त्या दिवसापासून त्याचा चेहरा पडलेलाच होता, आपल्या हातानं दूध सांडलं असं त्याला वाटायचं. म्हातारीनं त्याला पार ओढ्याच्या पलीकडं बसवलं. हळू वाजवायचं, आणि नजर हलगीवर नाही, घोडीवर ठेवायची. घोडीनं मान टाकली की तिथंच बंद. अर्ध्या ठेक्यातसुद्धा बंद.

घोडीची आधीची शिकवण कशी झाली असेल ते मला तेव्हा उमगलं. तिकडं पाय उचलला की काठी थांबायची. इकडं मान टाकली की हलगी थांबायची. म्हातारीनं तीच गोष्ट उलटी करून ठेवली होती, आणि तीही कुणाला न दुखवता.

पहिल्या दिवशी घोडी घामानं निथळली, पण दोर सैल होता, तिला लांब जायची मुभा होती. ती गोल फिरली, थांबली, कान हलगीकडं केले. किती वेळानं कुणास ठाऊक, मान दोन बोटं खाली आली. हलगी बंद. तिनं दचकून मान वर केली, जणू विचारत होती, हे मी केलं? हलगीवाल्यानं मला नंतर सांगितलं की उभ्या जन्मात त्याच्या वाजवण्याकडं असं लक्ष कुणी दिलं नव्हतं. रोज तो दहा पावलं जवळ सरकत गेला. पंधरवडा व्हायच्या आत तो तिच्यापासून दोन हातांवर बसून वाजवत होता आणि ती एक मागचा पाय सैल सोडून डुलक्या काढत होती. त्यानंतर कॅन म्हणजे काहीच नव्हतं.

महिना संपायला चार दिवस राहिले असताना आम्ही निघालो. हार नाही, कुंकू नाही, हलगी नाही. मी पुढं, दोर हातात लोंबता, घोडी माझ्या खांद्याशी. वाळूत तिनं पाऊल असं जपून टाकलं की कॅनमधलं दूध हललं नाही. टेम्पो यायच्या आधी आम्ही फाट्यावर. टेम्पोवाल्यानं कॅनचं झाकण काढून वास घेतला, दूध मापलं आणि पावती फाडली. उरलेले चारही दिवस आम्ही वेळेत पोचलो. साहेबानं महिनाअखेरीला नंबर रद्द केला नाही. मी त्याला एक शब्दही बोलले नाही, हे बघून बायकांनाच काळजी वाटली.

परतताना कॅन रिकामे असायचे. एकदा म्हातारी बरोबर होती, तिनं मला पाठीवर बसायला लावलं. मी साडी सावरत, घोडीची आयाळ धरून बसले. म्हटलं, वळवू कशी? ती म्हणाली, जिकडं जायचं तिकडं बघ. मी नदीकडं बघितलं आणि घोडी नदीकडं वळली. मी एवढी हसले, एवढी हसले की पडता पडता राहिले.

उन्हाळ्याच्या शेवटाला म्हातारीचा वाडा पाटोद्याच्या अंगाला निघून गेला. जाताना तिनं घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं. मला म्हणाली, दोर सैल ठेव. दुसरं काही नाही.

त्या साली पाऊस झाला. तुळशीची लग्नं लागली आणि वराती सुरू झाल्या. एका सकाळी कॅन भरत असताना घोडीवाला पहिल्या एस्टीतून फाट्यावर उतरून चालत आला. खांद्यावर भरजरी झूल. घोडी त्याची होती, शब्द चार लोकांसमोर दिलेला होता, आणि मोडायला मला एकही जागा नव्हती. बायका गोळा झाल्या, हलगीवालाही आला. मी एवढंच म्हटलं की ती आता नाचत नाही.

तो हसला. जनावर विसरत नाही, म्हणाला. वाजवा हलगी, नाचली तर नेतो. न नाचणारी घोडी मला कशाला?

हलगीवाला माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, वाजव. आणि दोर हातात घेतला.

त्यानं लग्नातला ठेका धरला, जोरात. घोडीचे कान ताठ झाले. तिनं झूल बघितली, घोडीवाल्याला बघितलं, आणि अंगातून एक थरथर गेली. पुढचा उजवा पाय जमिनीवरून उठला. माझी मूठ दोरावर आवळली. ओढ, थांबव तिला, असं माझं सगळं अंग म्हणत होतं. घोडी गावात राहणार की नाही, ते ह्याच क्षणावर ठरणार होतं. मी मूठ उघडली. दोर जमिनीला टेकला.

पाय तसाच अधांतरी राहिला. मग हळूच खाली आला. मग मान आली, पार गुडघ्यापर्यंत.

हलगी बंद झाली.

घोडीवाला त्याच्यावर खेकसला, थांबलास का म्हणून. हलगीवाला म्हणाला, "मान टाकली न्हवं तिनं. आता वाजवायचं नसतंय."

घोडीवाल्यानं झूल खाली ठेवली, तिला त्या नटीच्या नावानं हाक मारली आणि हात पुढं केला. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. तो हात तसाच ठेवून बराच वेळ उभा होता. त्याला सुनवायला माझ्याकडं वर्षभराचं साठलेलं होतं. घट्टे, वण, काटे, सगळं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तोच बोलला.

"ती नाचत नव्हती, ताई. भीत होती. मला ठाऊक होतं."

मला माझे दोन फटके आठवले. त्या दोन फटक्यांचे मला आठ दिवस लागले होते, ह्याला किती लागणार होते? मी त्याला खांद्याच्या अंगानं, दहा पावलांवर उभं राहायला सांगितलं. तो राहिला. चप्पल काढून राहिला. आम्ही कॅन भरले, खोगीर घातलं, झाकणं लावली. घोडी त्याच्याकडं गेली नाही.

सहा वाजून गेले होते. दूध न्यायचं होतं आणि त्यालाही एस्टी फाट्यावरच मिळणार होती. झूल त्यानं परत खांद्यावर टाकली, घोडीच्या दोराला हात लावला नाही. मी पुढं, घोडी खांद्याशी आणि तो वीस पावलं मागं, असे आम्ही तीन किलोमीटर चाललो. घोडी शांत चालत होती, दोर लोंबता होता. पण सगळ्या वाटेनं तिचा एक कान मागं वळलेला होता, त्याच्या पावलांवर.

फाट्यावर कॅन उतरवले. त्यानं लांबूनच हात जोडले, मला की घोडीला ते कळलं नाही, आणि एस्टीत चढला. एस्टी वळणापलीकडं गेली. आवाजही ऐकू येईनासा झाला, तेव्हा कुठं घोडीनं तो कान पुढं घेतला.